तारपा आणि त्याचे आयरिश भाऊबंद

गारुड्याची पुंगी तुम्ही ऐकली आहे का? निदान 'नागिन' सिनेमातली बीन तरी ऐकली असेलच! गंमत म्हणजे 1954 च्या त्या सिनेमातली बीन पुंगीवर वाजवलेली नाही. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली होती. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, सापांचे खेळ बंद झाले (ते व्हायलाच हवे होते) आणि गारुड्याबरोबर पुंगीही रस्त्यावरून गेली. आवाज सगळ्यांच्या डोक्यात आहे, पण वाद्य कसं बनतं ते विचारा, कोणी सांगणार नाही.

पुंगीचाच एक मोठा भाऊ आपल्या महाराष्ट्रात अजून वाजतो. त्याचं नाव तारपा. आम्ही मुर्रीचे, म्हणजे राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाचे. तारपा पश्चिमेच्या टोकाचा, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, डहाणू, विक्रमगड भागातल्या वारली, कोकणा वगैरे आदिवासींचा. तरी तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, कारण वारली चित्रात मधोमध जो माणूस लांब तुतारीसारखं काहीतरी फुंकत असतो आणि त्याच्याभोवती माणसांची गोल साखळी नाचत असते, तो तारपकरी. हे चित्र कुर्त्यावर, कॉफीच्या मगवर, हॉटेलच्या भिंतीवर, सगळीकडे पोचलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. चित्र जगभर गेलं, त्यातला आवाज मात्र गावातच राहिला.

बनवायचा कसा? वेलीवरच पिकवून वाळवलेला दुधी भोपळा घ्यायचा आणि आतून पोकळ करायचा. एका बाजूला फुंकायचं भोक, दुसऱ्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या, सांधे मधमाशीच्या मेणाने बंद. नळ्यांच्या आतल्या टोकाला बांबूचीच पातळ जीभ, बाहेर बोटांसाठी भोकं, आणि शेवटी ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब कर्णा. सगळा माल शेताच्या बांधावरचा! भाताची कापणी झाली की रात्ररात्र नाच चालतो आणि वाजवणारा मध्ये दम न तोडता वाजवतो.

दम न तोडता कसा? बरेच जण म्हणतात की भोपळा ही हवेची टाकी आहे. आपण इंजिनिअरिंगवाले, जरा हिशोब करून बघू. समजा भोपळ्यात 2 लिटर हवा आहे आणि आतलं प्रेशर बाहेरपेक्षा 3 टक्के जास्त आहे. बॉइलच्या नियमाने जास्तीची हवा झाली फक्त 60 मिलिलिटर. दोन जिभांमधून सेकंदाला 200 मिलिलिटर हवा जाते असं धरलं तर हा साठा अर्धा सेकंदही पुरणार नाही. म्हणजे टाकी भोपळा नाही, टाकी वाजवणाऱ्याचे गाल! गाल फुगवून ठेवायचे, त्यातली हवा पुढे ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा. भोपळ्याचं काम वेगळं आहे. एकाच फुंकेत दोन्ही जिभा वाजतात आणि ओठ जिभांना लागत नाहीत.

बॅगपाइपमध्ये नेमका इथेच फरक पडतो. त्यात भोपळ्याच्या जागी चामड्याची पिशवी असते, ती दाबता येते. म्हणून श्वास घेताना कोपराने पिशवी दाबली की झालं. आयर्लंडचा बॅगपाइप तर त्याच्याही पुढे गेला. त्याला इलन पाइप्स म्हणतात, इलन म्हणजे कोपर. तो तोंडाने फुंकतच नाहीत, एका कोपराखाली लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता असतो. हवा कोरडी जाते, त्यामुळे नाजूक जिभा ओल्या होत नाहीत. पूर्ण संचात सूर वाजवायची एक नळी, सतत गुंजणाऱ्या तीन आणि मनगटाने साथ द्यायच्या आणखी तीन. वाद्य कसलं, मशीनच!

पण हे मशीनही मरायला टेकलं होतं. 1845 पासूनचा दुष्काळ, त्यात लोक देश सोडून गेले, मागून नवीन वाद्यं आली. 1968 साली ब्रेंडन ब्रानाख आणि इतरांनी 'ना पीबरी इलन' ही वादकांची संस्था काढली, तेव्हा वाजवणारे शंभरही उरले नव्हते म्हणतात. या लोकांनी नुसते कार्यक्रम घेतले नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी रेकॉर्डिंग जमवली, जुन्या वाद्यांची मापं घेतली, वाद्य घडवायला आणि त्याची जीभ तासायला शिकवलं. कारण वादक कितीही तयार केले तरी जीभ बनवणारा नसेल तर काही वर्षांत सगळ्यांचे पाइप खुंटीवर! 2017 साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली आणि आज जगभर हजारो लोक ती वाजवतात.

आपल्याकडे जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 ची पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या पुढे. ते तारपा वाजवतात आणि स्वतः घडवतातही. मला त्यातलं 'घडवतात' हे जास्त मोठं वाटतं. पुरस्कार माणसाला मिळतो, पण जीभ किती पातळ तासायची हे त्या माणसाच्या अंगठ्याला माहीत असतं, ते सर्टिफिकेटवर उतरत नाही. शिवाय भोपळाही हवा. बाजारचा दुधी सडपातळ आणि कोवळा तोडायचा. मोठ्या पोटाचा भोपळा हवा तर त्याचं बी जपून लावावं लागतं आणि वेलीवर महिनोन्महिने सोडावा लागतो.

आता आपण काय करू शकतो? मापं घेऊ शकतो. लोक म्हणतील, प्रत्येक भोपळा वेगळा, मापं घेऊन काय उपयोग? पण सुराची उंची मुख्यतः नळी आणि जीभ ठरवतात, आणि ती दोन्ही मोजता येतात. व्हर्नियर, स्क्रू गेज आणि मोबाईल एवढं पुरे. नळीची लांबी, आतला व्यास, भोकांची अंतरं, जिभेची लांबी आणि जाडी, प्रत्येक सुराची फ्रिक्वेन्सी. साधं गणित असं की जिभेच्या बाजूने बंद असलेल्या सरळ नळीची फ्रिक्वेन्सी म्हणजे आवाजाचा वेग भागिले लांबीची चौपट. 30 सेंटिमीटर नळी, वेग 343 मीटर, तर उत्तर 286 हर्ट्झ. प्रत्यक्ष आकडा यापेक्षा किती वेगळा येतो, तेवढं काम जिभेचं आणि कर्ण्याचं. घडवणाऱ्याला विचारून, त्याच्या नावानिशी आणि तो जे शब्द वापरतो त्याच शब्दांत ही नोंद करायची. तासताना त्याच्या हातांचा व्हिडिओही घ्यायचा.

आणि हो, प्रत्येक आकड्याशेजारी टेंपरेचर लिहायला विसरू नका. 20 डिग्रीला 286 हर्ट्झ देणारी नळी 35 डिग्रीला 293 देते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा फरक!