ब्लॉग लिहायचाय? आधी सॉफ्टवेअर नीट निवडा!

हॉस्टेलवर कुणी ब्लॉग सुरू करायचं म्हटलं की पहिली चर्चा रंगते ती टेम्प्लेटवर. लिखाणाचा नंबर शेवटी! ज्युनिअर मला विचारतात, "दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी उलट विचारतो, "उद्या ते बंद पडलं तर तुझं लिखाण घेऊन तुला बाहेर पडता येईल का?"

प्रश्न अभद्र वाटेल, पण इतिहास बघा. याहूने जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये जपान सोडून बाकी सगळीकडे बंद केली. पोस्टरस २०१३ मध्ये गेलं. ज्यांची मूळ प्रत स्वतःकडे होती ते निश्चिंत राहिले, बाकीच्यांची धावपळ झाली.

म्हणून माझं मत असं, की लिहिणं आणि प्रसिद्ध करणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत.

लिहिण्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर पुरे. वाय-फाय गेलं तरी काम थांबत नाही. फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी दुसऱ्या मशीनवर रोमन अक्षरांची खिचडी होऊन बसतं. मथळे, ठळक अक्षरं वगैरेसाठी मार्कडाउन शिका. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही पद्धत अगदी सोपी आहे: ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह दिलं की मथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. अर्ध्या तासात जमतं.

आता प्रसिद्ध करण्याचे पर्याय:

१) ब्लॉगर : १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ पासून गूगलकडे. फुकट आणि सोपं. सगळ्या पोस्टचा बॅकअप उतरवून घेता येतो. नवशिक्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

२) वर्डप्रेस : २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. इथे वाटा दोन आहेत, गल्लत नको. वर्डप्रेस डॉट कॉमवर नुसतं खातं उघडता येतं, किंवा सॉफ्टवेअर उतरवून भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः बसवता येतं. दुसऱ्या वाटेत सत्ता आपली, पण भाडं, अपडेट आणि बॅकअपची कटकटही आपलीच. एक लक्षात ठेवा, एक्स्पोर्टच्या फाईलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. फोटो वेगळे जपा.

३) जेकिल किंवा ह्यूगो : तुमच्या मार्कडाउन फाईलींपासून हे थेट वेबपानं तयार करतात. डेटाबेसची भानगड नाही. गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं. कमांड लाईनची भीती नसलेल्यांनी हेच घ्यावं. मूळ लिखाण कायम तुमच्याच फोल्डरमध्ये राहतं.

मात्र निर्णयाआधी एक प्रॅक्टिकल करा. भरपूर जोडाक्षरं, एक फोटो आणि प्रोग्रॅमच्या दहा ओळी असलेली पोस्ट टाका. मग ती एक्स्पोर्ट करून दुसऱ्या ठिकाणी उघडा. मजकूर, फोटो आणि कोडमधल्या मोकळ्या जागा शाबूत पोचल्या तर ते सॉफ्टवेअर पास! नाही तर एटीकेटीसुद्धा देऊ नका.

टेम्प्लेट काय, दर सेमिस्टरला बदलता येईल. चार वर्षांत लिहिलेलं मात्र परत तसंच्या तसं लिहून होत नाही. तेव्हा लिहा, आणि मूळ प्रत आपल्याकडेच ठेवा!