रस्सा स्लो कुकरमध्ये, फोडणी कढईत

प्रश्न : ताई, आम्ही सिंगापुरात पुंगोलला भाड्याच्या घरात राहतो. दोघंही नोकरी करतो. सकाळी आठला घर सुटतं ते संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत. घरमालकाशी झालेल्या करारात फक्त ‘लाइट कुकिंग’ची मुभा आहे, त्यामुळे रोजचं तळण-परतण नको वाटतं. मुलाला रोज फूड कोर्टचं खाऊ घालणं खिशालाही जड जातं. म्हणून साडेतीन लिटरचा स्लो कुकर घेतला. शेजारच्या चिनी आंटी त्यांच्या कुकरमध्ये कमळकाकडी आणि शेंगदाण्याचं सूप करतात. आमच्यासाठी त्यांनी ते मुद्दाम मांसाशिवाय करून दिलं, फार चवदार होतं. आमचा चिकन रस्सा मात्र पाणचट होतो, कांदा कच्चट लागतो, बटाटा टणक राहतो. त्यात गेल्या आठवड्यात रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी ‘लो’वर लावून गेलो. संध्याकाळी दाणे जरा कडक होते, तरी जेवलो आणि रात्री तिघांनाही उलट्या झाल्या. भांड्यात काही दोष असेल का? की आपलं जेवण यात होतच नाही?
— एक वाचक, पुंगोल

उत्तर : आधी राजम्याचं बोलू, कारण तो तब्येतीचा प्रश्न आहे. भांडं बहुधा ठीकच आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते कच्च्या रूपात पोटात गेलं की एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मागोमाग जुलाब. चार-पाच कच्चे दाणेही त्याला पुरतात. खळखळ उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. पण पाणी 80 अंशांच्या आसपासच रेंगाळलं, तर विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षाही वाढतो, पाचपटीपर्यंत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नमूद केलं आहे. ‘लो’वर लावलेला कुकर तासन्‌तास नेमका त्याच तापमानातून जात असतो. त्यामुळे दाणा बोटाने दाबून मऊ लागला, तरी त्यावरून खात्री धरू नका.

राजमा करायचाच असेल तर किमान पाच तास भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास चांगला खळखळवा. दहा मिनिटं पुरतात असं म्हणतात, पण घरात लहान मूल असताना मी अर्ध्या तासावरच राहीन. त्यानंतर तो स्लो कुकरमध्ये घालायला हरकत नाही. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याची काळजी नाही. आणखी एक, सिंगापूरच्या हवेत कडधान्य ओट्यावर रात्रभर भिजत ठेवू नका. पुण्यातल्या थंडीत चालतं ते इथे नाही चालत. सकाळी पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

आता रस्सा पाणचट का होतो ते पाहू. आंटींचं सूप आणि आपला रस्सा यांची घडणच वेगळी आहे. कँटोनीज घराण्यातलं सूप हे पाणी, वेळ आणि एक-दोन मुख्य जिन्नस यांवर उभं असतं. कमळकाकडी, शेंगदाणे, असलीच तर हाडं. सगळं गार पाण्यात पडतं आणि चार-पाच तासांनी त्याचा अर्क पाण्यात उतरतो. त्यात काही लालसर परतायचं नसतं. इथल्या दुकानांत राइस कुकरच्या शेजारी चिनी मातीच्या भांड्याचे स्लो कुकर मांडलेले दिसतात, ते मुख्यतः या सुपांसाठी आणि कांजीसाठी.

आपल्या रश्शाची चव मात्र पहिल्या दहा मिनिटांत ठरते. कांदा लाल होतो, लसूण खरपूस होतो, खोबरं भाजलं जातं, मसाला तेलात फुलतो. या सगळ्याला 120-140 अंशांच्या वर उष्णता लागते आणि भांड्यात पाणी आहे तोवर तापमान 100 च्या वर जात नाही. म्हणजे स्लो कुकरमध्ये कच्चा कांदा आठ तास ठेवा नाहीतर अठरा, तो उकडेल, परतला जाणार नाही. यंत्र फक्त मधलं काम करतं, शिजवण्याचं. फोडणी आधी कढईत झाली पाहिजे आणि शेवटचा हात जेवायच्या आधी आपण फिरवला पाहिजे. एवढं पाळलं, तर आपलं जेवण त्यात उत्तम होतं. आपल्या आज्यांच्या घरी चुलीला वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी व्हायची आणि आमटीचं पातेलं वैलावर सरकवून ठेवलेलं असायचं. तुमचा स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैल आहे.

या यंत्राचा जन्मही अशाच एका चुलीच्या आठवणीतून झाला. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला आईने लिथुएनियातल्या ज्यू घरांची गोष्ट सांगितली होती. शुक्रवारी सूर्यास्तानंतर साबाथ सुरू झाला की विस्तव पेटवायचा नाही, म्हणून कडधान्याचं आणि मांसाचं ‘चोलेंट’ त्याआधीच गावातल्या बेकरीच्या विझत्या भट्टीत नेऊन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं. भट्टीची ती मंद आणि चहूबाजूंनी लागणारी ऊब नॅक्सनने विजेच्या भांड्यात आणली. 1940 मध्ये त्याला पेटंट मिळालं. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्या वर्षी हे भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं. त्याच्या कितीतरी आधी, 1910 मध्ये, कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इक्मिक कुकर’ काढला होता. खाली कोळसा, वर वाफेवर एकावर एक डबे, आणि घरची माणसं आपापल्या कामाला मोकळी. तुमच्यासारखीच अडचण असलेली माणसं शंभर वर्षांपूर्वीही होती.

आता तुमच्यासाठी एक पदार्थ सुचवते. स्लो कुकरमध्ये पहिल्यांदा चिकन लावू नका, अख्खा मसूर लावा. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर रोटीबरोबर मिळतो तोच. अख्खा मसूर भिजवावा लागत नाही, राजम्यासारखा त्रास देत नाही, फुटून स्वतःच रश्शाला दाटपणा आणतो आणि मुलांना आवडतो. सिंगापूरच्या बाजारातल्या भाज्या घातल्या की तोच पोटभरीचा स्ट्यू होतो. चौघांसाठी 300 ग्रॅम मसूर, 300 ग्रॅम लाल भोपळा, दोन गाजरं, अर्धा पांढरा मुळा. मसूर लिटल इंडियातल्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मिळेल. भाज्या घराजवळच्या वेट मार्केटमधून सकाळी घ्या. तिथले बरेच गाळे सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. मुळा इथे स्वस्त असतो आणि आपण त्याच्या वाटेला जात नाही. मसुरात शिजला की त्याचा उग्रपणा जातो आणि तो रस पिऊन गोडसर होतो.

‘लाइट कुकिंग’ची अट पाळूनही फोडणी होते, फक्त आठवड्याची एकदाच करा. रविवारी खिडक्या उघडून सात-आठ कांदे बारीक चिरून तेलात घ्या. पहिली दहा मिनिटं ते नुसते पाणी सोडतील, मग कडा तांबूस दिसायला लागतील, मग तेल बाजूला सुटेल. तिथवर घाई करू नका, सगळी चव या टप्प्यात आहे. मग आलं-लसूण, हळद आणि कांदा-लसूण मसाला घालून दोन मिनिटं परता. हे वाटीवाटीने फ्रीझरमध्ये ठेवा. कामाच्या दिवशी आदल्या रात्री एक वाटी खाली फ्रिजमध्ये काढायची.

सकाळी किटलीत सव्वा लिटर पाणी उकळा. तळाशी आणि कडेला गाजर-मुळ्याचे मोठे तुकडे लावा, कारण या भांड्याला आच कडेने लागते आणि कंदमुळं मांसापेक्षाही सावकाश शिजतात. वर धुतलेला मसूर, मग फोडणीची वाटी, मग पेरभर मोठ्या फोडी केलेला भोपळा सालासकट. मीठ घाला, उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि ‘लो’वर आठ तास ठेवा. गार पाणी घातलंत तर भांडं तापण्यातच दीड-दोन तास जातात.

टोमॅटो यात सकाळी घालायचा नाही. तुमचा बटाटा टणक का राहिला, याचं कारण बहुधा हेच. आंबटामुळे भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही आणि कडधान्याचं सालही घट्ट राहतं. संध्याकाळी घरी आलात की छोट्या कढल्यात थोड्या तेलावर मोहरी, कढीपत्ता, लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि चिरलेला टोमॅटो पाच मिनिटं परतून वरून ओता. चिंच-गूळ किंवा आमसूल आवडत असेल तर तेही तेव्हाच. गोडा मसाला आणि कोथिंबीरसुद्धा शेवटी. आठ तासांत त्यांचा वास उडून जातो. उलट लवंग-दालचिनीसारखे अख्खे मसाले इतका वेळ राहिले तर कडवटपणा आणतात, तेव्हा नेहमीच्या निम्मेच घाला. नारळाचं दूध किंवा दही घालायचं असेल तर आच बंद केल्यावर.

पाण्याचं माप एकदा समजून घ्या. झाकणावर जमलेली वाफ परत भांड्यातच पडते, त्यामुळे गॅसवरच्या रश्शासारखं पाणी आटत नाही. चिकन रश्शाला तुम्ही नेहमीइतकं पाणी घातलं असणार; त्यात चिकनने स्वतःचं पाणी सोडलं, कसा दाट होणार? चिकनला पाणी निम्म्यावर आणा. मध्येच झाकण उघडून बघू नका, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं वाढतात.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. आठ ते सात म्हणजे अकरा तास, आणि पाककृती आठ तासांची. तुमच्या भांड्याला वेळ लावता येत असेल आणि नंतर ते आपोआप ‘वॉर्म’वर जात असेल तर प्रश्नच नाही. साधं बटणाचं भांडं असेल तर मसूर अकरा तास सहन करतो, जरा जास्त गळतो एवढंच. चिकनच्या छातीचा मात्र भुसा होतो. मांड्या आणि तंगड्या हाडासकट घ्या, त्या स्वस्तही पडतात. दिवसभर घरात कोणी नसताना वीज चालू ठेवणं मनाला पटत नसेल, तर रात्री दहाला लावून सकाळी सहाला बंद करा, उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी गॅसवर उकळी आणा. मी दोन्ही मार्ग असताना रात्रीचाच निवडीन. भांडं घेताना त्यावर सिंगापूरचा ‘सेफ्टी मार्क’ आहे ना, हे बघितलेलं असावं.

खर्चाचं म्हणाल तर ‘लो’वरचा स्लो कुकर दीडशे-दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो. आठ तासांचे दीड युनिट धरले आणि युनिटला 30 सेंटच्या आसपास दर धरला, तर वीज पन्नास सेंटच्या आत येते. मसूर, भाज्या, कांदे-टोमॅटो सगळं मिळून चौघांचं जेवण सहा डॉलरांच्या आत बसतं. हॉकर सेंटरला तेवढ्यात एका माणसाचं जेमतेम होतं. 2024 च्या जानेवारीपासून जीएसटी 9 टक्के झाला आहे, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस असे निघाले तरी महिन्याच्या हिशेबात दिसून येतं. चिकन हवंच असेल तर मसुरातच 300 ग्रॅम टाका. मांस कमी, रस्सा भरपूर, आणि मुलाच्या ताटात दोन्ही. 2022 च्या जूनमध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली तेव्हा इथे ताजं चिकन महागलं होतं. ज्यांच्या घरी कडधान्याचा डबा भरलेला होता, त्यांना चार दिवस काढणं सोपं गेलं.

प्रश्न : स्लो कुकरमध्ये मटण चांगलं होतं का? कोणता भाग घ्यावा?
— एक वाचक, जुरोंग वेस्ट

उत्तर : मटण यात सर्वांत चांगलं होतं, आणि त्यातही स्वस्त भाग. मान, खांदा, नळी यांत कोलॅजेन भरपूर असतं. ते सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. टेक्का मार्केटमध्ये खाटकाला ‘रश्शासाठी, हाडासकट’ एवढं सांगितलं तरी तो समजतो. मटण आधी कढईत सगळ्या बाजूंनी परतून घ्या, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं निम्मं वाटण सकाळी घाला, निम्मं शेवटच्या अर्ध्या तासात. फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट भांड्यात टाकू नका. आतून ते तासन्‌तास कोमट राहतं आणि 5 ते 60 अंशांचा पट्टा जंतूंना फार मानवतो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा.

प्रश्न : टायमर लावून कुकर दुपारी सुरू होईल असं केलं तर? आणि उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी त्यातच गरम करावा का?
— एक वाचक, सेंगकांग

उत्तर : दोन्हींना नाही. इथे घरात तापमान तिशीच्या आसपास असतं. कच्चं चिकन किंवा मटण सकाळी आठपासून दुपारपर्यंत पाण्यात पडून राहिलं, तर नंतर कितीही शिजवलं तरी त्यात तयार झालेली काही विषं जात नाहीत. गरम करायलाही हे भांडं फार सावकाश आहे. उरलेलं गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफाळेपर्यंत गरम करा. ‘वॉर्म’वर तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत रस्सा फ्रिजमध्ये गेलेला असू द्या. आतलं चिनी मातीचं भांडं गरम असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर तडकतं, म्हणून रस्सा आधी डब्यात काढा.