उघड्यावरील व्यक्तिचित्रणासाठी फ्लॅशची निवड

दिवसाउजेडी छायाचित्र घेताना फ्लॅशची आवश्यकताच काय, असा प्रश्न नवशिक्याच्या मनात सहज येतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. वैशाखातील दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भुवया, नाक आणि हनुवटी यांच्या खाली काळ्याभोर सावल्या पडतात व डोळे खोबणीत हरवून जातात. आपली दृष्टी ऊन-सावलीतील तफावत सांभाळून घेते. कॅमेऱ्याला ते तितकेसे साधत नाही. वर्ण सावळा आणि वस्त्रे पांढरी असतील, तर अडचण अधिकच जाणवते. वस्त्राचा पोत राखावा तर चेहरा काळवंडतो, चेहरा राखावा तर वस्त्र पांढरेफटक होते. अशा वेळी सावली पुसून न टाकता ती सौम्य करणे एवढेच फ्लॅशचे काम असते. यालाच पूरक प्रकाश म्हणतात. ही मर्यादा ध्यानात ठेवली, तर बेताच्या किमतीच्या फ्लॅशनेही काम भागते.

सूर्याचा हिशेब

उघड्यावर फ्लॅशची गाठ सूर्याशी असते, म्हणून हिशेबाचा आरंभ सूर्यापासूनच करावा. लख्ख उन्हात, आयएसओ १०० असताना, एफ/१६ छिद्र आणि सेकंदाचा सुमारे १/१२५ भाग हे योग्य उद्भासन होय. आता बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात. एका ठरावीक वेगापर्यंतच संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी असते. त्याहून अधिक वेगात केवळ एक फट सरकत जाते आणि फ्लॅशचा प्रकाश चित्राच्या एका पट्ट्यावरच पडतो. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/६० होती. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. १/२५० धरल्यास छिद्र एफ/११ ठेवावे लागते.

फ्लॅशची शक्ती गाइड नंबरने सांगतात. मीटरमधील अंतराला छिद्राच्या अंकाने गुणले की हा नंबर मिळतो. माणूस ३ मीटरवर उभा असेल, तर सूर्याची बरोबरी करण्यासाठी ३ गुणिले ११, म्हणजे ३३ गाइड नंबर हवा. परंतु पूरक प्रकाश सूर्यप्रकाशाच्या निम्मा किंवा चतुर्थांश असला तरी पुरतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे निम्म्या प्रकाशाला सुमारे २३ आणि चतुर्थांशाला सुमारे १६ एवढाच गाइड नंबर लागतो. प्रकाश मऊ करण्यासाठी छत्री वापरली आणि तीत तीन-चतुर्थांश प्रकाश खर्ची पडला, तर हे आकडे दुप्पट धरावेत, किंवा फ्लॅश निम्म्या अंतरावर आणावा. यावरून ३० ते ४० गाइड नंबरचा फ्लॅश सर्वसाधारण कामाला पुरेसा ठरतो.

येथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. आयएसओ वाढवल्याने फ्लॅश सूर्यापुढे प्रबळ होत नाही, कारण दोहोंचाही परिणाम सारखाच वाढतो. शटरचा वेग केवळ सूर्यप्रकाशावर हुकमत चालवतो, छिद्र दोहोंवर, अंतर आणि फ्लॅशची शक्ती केवळ फ्लॅशवर.

आकड्यांची पारख

वेष्टनावर छापलेला गाइड नंबर पुष्कळदा फसवा असतो. प्रकाशाचा झोत अरुंद केला म्हणजे हा आकडा फुगतो. एक निर्माता तो १०५ मिलिमीटरच्या, तर दुसरा २०० मिलिमीटरच्या झोतासाठी देतो. म्हणून दोन फ्लॅशची तुलना करताना ३५ मिलिमीटरचा आकडा विचारावा. वर सांगितलेले ३० ते ४० हे त्याच मापाचे आहेत. शिवाय खोलीत भिंती व छत यांवरून परतणारा प्रकाश मोकळ्या मैदानात मिळत नाही. तेव्हा थोडी शक्ती हाताशी राखलेली बरी.

पैसा कोठे खर्चावा

स्वयंचलित मोजमापामुळे फ्लॅशची किंमत बरीच वाढते. वरातीमागे धावणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. व्यक्तिचित्रात मात्र माणूस एका जागी असतो, अंतर बदलत नाही. शक्ती हाताने पायरीपायरीने कमी करता येणारा साधा फ्लॅश येथे पुरतो. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/२.८ हवे असेल, तर शटर १/४००० वर न्यावे लागते. अतिवेगाची सोय असलेले फ्लॅश हे करू शकतात, पण त्यात त्यांची बरीच शक्ती जाते. त्याऐवजी सोळापट प्रकाश अडवणारी करडी गाळणी भिंगावर लावली, की शटर १/२५० वर राहते आणि फ्लॅशलाही एफ/११ पेक्षा अधिक शक्ती लागत नाही.

वाचलेला पैसा दोन गोष्टींवर खर्चावा. पहिली, पुन्हा भारित होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे दोन संच. सेल दुबळे असले की दोन चमकांमधील वेळ लांबतो आणि चेहऱ्यावरील भाव निसटून जातो. दुसरी, फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून चालवणारा रेडिओ-संच. दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून चालणारी योजना भर उन्हात भरवशाची नसते.

जुना फ्लॅश स्वस्तात मिळत असेल, तर एक सावधगिरी आवश्यक आहे. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. आधुनिक कॅमेऱ्याच्या माथ्यावर असा फ्लॅश बसवला, तर कॅमेऱ्याचे मंडल जळू शकते. दाब मोजून घेतल्याखेरीज तो जोडू नये.

शेवटी, खरेदीपूर्वी फ्लॅश दुकानाबाहेर उन्हात आणून पाहावा. सूर्य पाठीशी येईल असा कोणी ३ मीटरवर उभा करावा. एफ/११ आणि १/२५० ठेवून एक चित्र फ्लॅशविना, एक पूर्ण शक्तीने व एक निम्म्या शक्तीने घ्यावे. निम्म्या शक्तीत डोळे स्पष्ट दिसत असतील, तर त्याहून महाग फ्लॅश घेण्याचे कारण उरत नाही. आणि तूर्त तेवढेही पैसे नसतील, तर चेहऱ्यासमोर धरलेली पांढरी चादर किंवा झाडाची दाट सावली हीदेखील सावल्या सौम्य करण्याची उत्तम साधने आहेत.