आधी ऊब, मग ताण

बालरोगतज्ज्ञाने प्रौढांच्या स्नायूंविषयी लिहावे हे वाचकांना विचित्र वाटेल. परंतु येथे रुग्ण मीच आहे. वयाच्या ५४ व्या वर्षी, डिसेंबरातील एका पहाटे, टिळकवाडीतील घराच्या कट्ट्यावर पाय ठेवून शाळेतल्या कवायतीप्रमाणे मी मांडीचा मागचा स्नायू ताणला आणि तडक सायकलवरून पिरनवाडीकडे वेगाने निघालो. पहिल्याच चढावर तो स्नायू दुखावला. सहा आठवडे सायकल भिंतीला टेकून होती.

चूक क्रमाची होती. थंड स्नायू बराच वेळ ताणून धरल्यास त्याची शक्ती काही काळ घटते. दुखापत टळतेच असे नाही. म्हणून आता पहिली १०-१५ मिनिटे सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये, बोलता येईल अशा गतीनेच जातो. हा वॉर्म-अप केवळ गुडघ्यांसाठी नव्हे. एकाएकी जोर लावल्यास वरवर निरोगी माणसाच्या ईसीजीतही हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडल्याच्या खुणा दिसू शकतात, हे १९७३ मध्येच नोंदले गेले आहे. (व्यवसायबंधूंनो, आपण स्वतःचा ईसीजी शेवटचा केव्हा काढला?)

परतताना शेवटची पाच मिनिटे पुन्हा मंद गती. ताण त्यानंतर: मांडीची मागची बाजू, पोटरी आणि वाकून बसल्याने आखडणारे जांघेपुढचे स्नायू, प्रत्येकी ३० सेकंद, झटके न देता. साठीनंतर ६० सेकंदांपर्यंत.