ऑनलाइन देणगी व निवास आरक्षण : भाविकांनी बाळगावयाची दक्षता

पूर्वी यात्रेस निघणारा भाविक पैशाची पुरचुंडी कनवटीला खोचून निघत असे. गर्दीत त्याचा हात नकळत वारंवार तेथे जाई. आज ती पुरचुंडी भ्रमणध्वनीत आली आहे. खोलीचे आरक्षण, दर्शनाचा पास, अभिषेकाची देणगी हे सर्व घरबसल्या होते. सोय मोठीच आहे. परंतु कनवटीकडे जाणाऱ्या त्या हाताची सावधता आजही तितकीच आवश्यक आहे.

फिशिंग म्हणजे काय?

गळाला आमिष लावून मासा पकडावा, त्याप्रमाणे खोटा संदेश, खोटे संकेतस्थळ किंवा खोटा दूरध्वनी यांच्या साहाय्याने खातेदाराकडूनच त्याची गुप्त माहिती काढून घेणे, यास ‘फिशिंग’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत हा शब्द प्रचारात आला. यात चोर तिजोरी फोडत नाही. तो मालकाकडूनच किल्ली मागून घेतो. म्हणून बँकेची व्यवस्था कितीही भक्कम असली, तरी अखेरचा पहारा खातेदाराचाच असतो.

यात्रेकरूंची फसवणूक कशी होते?

परगावी ओळखीचे कोणी नसते, सुट्टीच्या दिवसांत खोली मिळेल की नाही याची चिंता असते आणि देवाच्या नावाने आलेल्या शब्दावर शंका घेणे अनेकांच्या जिवावर येते. ठग नेमका याचाच लाभ घेतात. जानेवारी २०२४ मधील अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठा सोहळ्यापूर्वी मंदिराच्या नावे खोटे क्यूआर कोड पाठवून देणग्या मागितल्याचे प्रकार उघडकीस आले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रेतील निवास इत्यादींच्या बनावट आरक्षणांविषयी यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला.

फसवणुकीची रीत बहुधा ठरलेली असते. भाविक शोधयंत्रावर भक्तनिवासाचे नाव टाकतो. सर्वांत वर आलेला दुवा पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. त्यावर गाभाऱ्याचे छायाचित्र आणि एक व्हॉट्सॲप क्रमांक असतो. “दोनच खोल्या शिल्लक आहेत, आगाऊ रक्कम त्वरित भरा,” असे उत्तर येते. रक्कम भरल्यावर “पैसे पोहोचले नाहीत, परत मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका,” असे सांगून दुसऱ्यांदा लुबाडले जाते. वृद्ध आईवडिलांना घेऊन रात्री भक्तनिवासाच्या खिडकीशी पोहोचल्यावर नोंदवहीत आपले नावच नाही, हे त्या कुटुंबास कळते.

व्यवहारापूर्वी काय पाहावे?

१. संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत आधी जे नाव असते, ते खऱ्या मालकाचे. देवस्थानाचे नाव पत्त्यात कोठेतरी आहे, एवढ्याने तो पत्ता देवस्थानाचा ठरत नाही. कुलपाची खूण केवळ माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढेच सांगते. मालक प्रामाणिक असल्याची ती ग्वाही नव्हे.

२. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशानुसार बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट ठरवून देण्यात आला आहे. बँकेच्या नावे आलेल्या दुव्यावरून खात्यात प्रवेश करू नये. पत्ता स्वतः टंकित करावा.

३. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. “परतावा मिळण्यासाठी पिन टाका” असे कोणी म्हटले, तर तो ठग आहे असेच समजावे.

४. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तेथे संस्थेऐवजी अनोळखी व्यक्तीचे नाव दिसल्यास पिन टाकू नये. कार्यालयात विचारणा करावी.

५. देणगीच्या पावतीसाठी नाव, पत्ता व आवश्यक तेथे पॅन क्रमांक पुरतो. ओटीपी, कार्डामागील तीन अंक किंवा पासवर्ड कोणतीही देवस्थाने वा बँका विचारीत नाहीत.

६. ‘यात्रा पास’ वा ‘निमंत्रण’ म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये. अशा फाइलमधील ॲप भ्रमणध्वनीवर येणारे ओटीपी परस्पर वाचू शकते.

फसवणूक झाल्यास

प्रथम बँकेस कळवून खाते व कार्ड बंद करवावे आणि तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या शासकीय संकेतस्थळावरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी. चोरलेली रक्कम अल्पावधीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती पुढे जाण्यापूर्वी गोठवता आली, तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असल्यास बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व घालून दिलेले आहे. म्हणून लोकलज्जेस्तव गप्प राहणे हे दुसरे नुकसान ठरते. फसणाऱ्यांत सुशिक्षितही असतात. लाज ठगाने बाळगावी, भाविकाने नव्हे.

सत्पात्री दान

दान सत्पात्री व्हावे, अशी आपली परंपरा सांगते. तेव्हा देणगी कोणाच्या हाती पडत आहे हे तपासणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. तो दानधर्माचाच एक भाग आहे. ठगाचे सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे घाई. देवाच्या दारी मात्र कसलीच घाई नसते. दोन मिनिटे थांबून, नाव वाचून, खात्री करून दिलेला एक रुपयाही देवाचरणी पोहोचतो. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न पार पडो आणि त्यांच्या कष्टाचा पैसा सत्कारणी लागो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.