भरतीची वेळ न सांगणारी सहल

खाडीतून कयाक वल्हवत जायचं, रात्री काठावर तंबूत राहायचं, अशा दोन-तीन दिवसांच्या सहलींबद्दल माझं म्हणणं एकच आहे. ज्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत भरती-सुकतीच्या वेळा नाहीत, तिचे पैसे भरू नका. तंबू कोरे करकरीत असोत, रात्रीचं जेवण घरगुती असो, वाटाड्या कितीही गोड बोलणारा असो. मी हे रागाने लिहितो आहे आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही. अशा सहलीवरून परतून कुणी तक्रार केली की त्याला घाबरट ठरवून गप्प बसवतात. ते शब्द मला चांगले ठाऊक आहेत. पण लिहिणारा चिडलेला आहे म्हणून मुद्दा खोटा होत नाही. तो पंचांग उघडून कुणालाही तपासता येतो.

गोव्याच्या नद्यांत दिवसाकाठी दोनदा पाणी भरतं आणि दोनदा सुकतं. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हा हिशेब किनाऱ्याचा. मांडवीत पाणी मुखाकडून आत चढत येतं, त्यामुळे पणजीला भरती झाल्यावर नदीत आणखी आत असलेल्या नार्व्याला ती मागाहून होते. आता रोजची पन्नास मिनिटं सात दिवसांनी गुणून पाहा. जवळपास सहा तास होतात. म्हणजे ज्या शनिवारी सकाळी आठला पाणी आत चढत असतं, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याच वेळी ते बाहेर ओढ घेत असतं. तरीही नोव्हेंबर ते मार्चच्या सगळ्या शनिवार-रविवारांसाठी 'सकाळी 8 वाजता प्रस्थान' असा एकच मजकूर छापलेला दिसतो. एका आठवड्याला जे पाणी तुम्हाला फुकट पुढे नेतं, तेच पुढच्या आठवड्याला तुमच्या अंगावर येतं. दमलेल्या नवशिक्याची कयाक ताशी चार किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकतीची ओढ त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते. आयोजकाने हे पाहिलंच नसेल तर तो अडाणी आहे. पाहूनही तेच वेळापत्रक ठेवलं असेल, तर त्याला तुमची पर्वा नाही. तिसरी शक्यता मला सुचलेली नाही.

या माणसांची वागणूक मला पाण्यापेक्षा जास्त खुपते. सुकती लागते, खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या शेतजमिनीच्या, बांधाकडेचा चिखल उघडा पडतो, मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणदारापाशी, उतरायची जागा पाहता पाहता पाण्यापासून वीस-तीस हात दूर जाते. त्या चिखलात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुततो आणि खारफुटीची मुळं पायाला लागतात. तेव्हा कुठे वाटाड्या मोबाइल काढून भरतीची वेळ शोधतो. मग सुरू होतं ते ठरलेलं बोलणं: तुम्ही वल्ही नीट मारत नाही, तुमचा गट संथ आहे, मागच्या आठवड्यातली मंडळी दोन तासांत पोचली होती. मागच्या आठवड्यातल्या मंडळींच्या पाठीशी पाणी होतं, हे तो सांगत नाही. बहुधा त्याला माहीतही नसतं. ज्यांनी पैसे मोजले त्यांनाच त्यांच्या हातांची लाज वाटायला लावायची, हा या धंद्यातला सर्वांत वाईट भाग. आपल्या मानखंडनेचं हे बोलणं कुणी ऐकून घेत असेल, तर त्याने एक लक्षात ठेवावं: पाणी ओळखणं हे पाहुण्याचं काम नव्हे. त्याचेच तर पैसे दिलेले असतात.

जाहिरातींतली चित्रं बहुतेक न्यूझीलंडच्या फियोर्डांची असतात किंवा त्यांची नक्कल करणारी. ती खोरी हिमनद्यांनी कोरलेली, उभ्या कड्यांची आणि खोल पाण्याची. आपल्या खाड्या समुद्र वर चढल्यावर बुडालेल्या नदीखोऱ्यांच्या आहेत: उथळ, गाळाच्या, रेतीच्या दांड्यांच्या. फियोर्डांत अडचण आहे ती उतरायला काठ नसण्याची. इथे काठ समोर दिसतो आणि तरी त्याला लागता येत नाही. म्हणून तिकडचं वेळापत्रक इकडे लावून चालत नाही. तेरेखोल, शापोरा, मांडवी या तिन्हींच्या मुखांशी वाळूचे दांडे आहेत. दुपारनंतर वायव्येकडून वारा चढतो. त्याच वेळी नदी सुकत असेल तर बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडतात आणि सकाळी आरशासारखं असलेलं मुख आखूड, उभ्या लाटांनी भरून जातं. पेडण्यात केरीपासून मोरजीपर्यंत किनारा धरून जाणाऱ्या सहलीने हे ध्यानात ठेवून दुपारच्या आत काठ गाठलाच पाहिजे. तंबूचंही तेच. आपल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. दुपारच्या पाण्याची ओली रेघ पाहून तिच्यावर चार पावलांवर तंबू ठोकला, तर रात्रीचं पाणी आत येऊ शकतं. मोरजीच्या वाळूत तंबू ठोकण्याचा विचारच नको: नोव्हेंबरपासून तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि दिव्यांनी पिल्लांची वाट चुकते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, ही सगळ्या गोव्याला ठाऊक असलेली गोष्ट. तरी त्या काठावर पाण्यालगत रात्र काढायला नेणारे असतील, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये, सरळ घरी यावं.

'आमच्याकडे आजवर काही झालेलं नाही,' हे उत्तर हमखास मिळतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये 22 मार्च 1993 रोजी आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. जायचं होतं तीनेक किलोमीटर. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. शिक्षकांची कयाक पुनःपुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि बाकीची मुलं आत ओढली गेली. गट परतला नाही, तरी तटरक्षकांना कळवायला तासन्‌तास लागले. चार मुलं गेली. खटल्यात उघड झालं ते असं, की त्याच केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी सुरक्षेच्या त्रुटींबद्दल व्यवस्थापकाला आदल्या वर्षीच पत्र लिहून बजावलं होतं. तोवर तिथेही 'काही झालेलं' नव्हतं. व्यवस्थापक तुरुंगात गेला, कंपनीही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली आणि 1995 मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे मुरूडच्या किनाऱ्यावर 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तो महिना पर्यटनाच्या ऐन हंगामाचा, पावसाळ्याचा नव्हे. हंगाम चांगला म्हणजे पाणी चांगलं, ही समजूत अजूनही जात नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो: एवढ्या अटी घातल्या तर गावातल्या पोरांचा रोजगार बुडेल. तो आक्षेप प्रामाणिक आहे, पण उलट्या टोकाने धरलेला. दिवाडी, चोडण, नार्वे या पट्ट्यात पागणाऱ्या, मानशी सांभाळणाऱ्या, होडी चालवणाऱ्या माणसांना पाणी कधी फिरणार हे घड्याळाशिवाय कळतं. बऱ्याच सहलींत मात्र होड्या आणि बुकिंग बाहेरच्याचं, आणि गावातला मुलगा फक्त सामान उचलायला. 'आज निघू नये' असं त्याला दिसत असतं, पण ते म्हणायचा अधिकार त्याला नसतो. अटी घालायच्या त्या याच जागी: निघायचं की नाही हे पाण्यावरचा माणूस ठरवील, बुकिंग घेणारा नव्हे. आणि साहस म्हटलं की धोका आलाच, हे मला मान्य आहे, मात्र तो सांगून पत्करायला लावलेला असावा. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून नोंदणी सक्तीची केली. गोव्यात पर्यटन खात्याची नोंदणी आणि बंदर कप्तान खात्याचा परवाना यांची चौकशी आपणच करावी. जलक्रीडेचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था गोव्यातच आहे, तेव्हा प्रशिक्षित माणूस मिळत नाही ही सबब चालू देऊ नये.

पैसे भरण्याआधी पाणी किंवा वारा बिघडला तर रक्कम परत मिळेल का, हे लेखी मागा. ज्याला परतावा द्यायचा नसतो, तो वाईट पाण्यातही निघतो. यातला बहुतेक धोका इथेच तयार होतो. उलटलेल्या कयाकवर परत चढायचं कसं, हे पहिल्याच सकाळी उथळ पाण्यात प्रत्येकाकडून करून घेतलं नाही, तर पुढे जाऊ नका. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहा, शिट्टी आहे का पाहा. खाडीचं पाणी खारं, म्हणून पिण्याचं पाणी प्रत्येकाच्या वाट्याचं मोजून घ्या. नार्व्याच्या बाजूला खनिजाच्या बार्जी जातात. भरलेली बार्ज चटकन थांबत नाही, वळत नाही आणि तिच्यावरून पाण्यालगतची कयाक दिसतही नाही, तेव्हा मधला प्रवाह एकेकट्याने ओलांडायचा नाही. घरच्यांना मार्ग लिहून द्या. समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे. जबाबदारी झटकणाऱ्या कागदावर सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, 1915 वर फोन करून सल्ला घेता येतो. सहीचा धाक दाखवणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

आणि निघायच्या दिवशी नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडीच्या फेरीबोटीवरच्या माणसाला एवढंच विचारा, आज पाणी किती वाजता भरणार. तुमच्या वाटाड्याचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही, तर कयाकमध्ये बसू नका आणि तिथेच पैसे परत मागा.