दम कोंडण्याची शर्यत नको!

आपल्याकडे क्रिकेट आणि कुस्तीचे शौकीन पुष्कळ. पोहण्याच्या शर्यतींचे चाहते मात्र मी पूर्वी फारसे पाहिले नव्हते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सिंगापूरला जागतिक जलतरण स्पर्धा झाल्या, तेव्हा शिरूरच्या माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेली शाळकरी मुले मोबाइलवर त्या शर्यती पाहताना दिसू लागली. चीनची यू झिदी अवघी बारा वर्षांची. तिने रिले संघातून कांस्यपदक मिळवले. फ्रान्सच्या लिओं मार्शांने २०० मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीत १ मिनिट ५२.६९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. हे सारे मुलांना तोंडपाठ! मला कौतुकच वाटले.

पुढे काही दिवसांनी एका मुलाला त्याचे मामा घेऊन आले. मुलगा दौंडचा, नववीतला, सुटीला मामाकडे आलेला. "डॉक्टर, पोरगं पट्टीचं पोहणारं, पण काल विहिरीत बेशुद्ध पडलं. फिट तर नसेल?"

मी मुलाला बोलते केले. मार्शां भिंतीला पायाने रेटा देऊन पाण्याखालून लांबवर जातो, ते पाहून मुलांनी विहिरीत पैज लावली होती: एका दमात खाली कोण जास्त वेळ राहतो? हा पठ्ठ्या बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस वेळा भराभर खोल श्वास घेई. "तसं केलं की दम जास्त टिकतो, डॉक्टरकाका." तिसऱ्या बुडीला तो वर आलाच नाही. मामा काठावर होते, म्हणून वाचला.

"खाली गुदमरल्यासारखं झालं का रे?" मी विचारले.

"नाही. काहीच वाटलं नाही. एकदम अंधार झाला."

वाचकहो, सारा धोका या उत्तरातच आहे. दम कोंडला की श्वास घ्यावासा वाटतो, तो प्रामुख्याने रक्तातला प्राणवायू घटल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो वाढला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. आधी भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर टाकला जातो. परिणामी घंटा उशिरा वाजते. तोवर प्राणवायू संपत येतो आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. मग नकळत श्वास घेतला जातो आणि पाणी फुप्फुसांत जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर काही मिनिटांतच कायमची इजा होऊ शकते. असे नवशिक्यांपेक्षा चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीत अधिक घडते, कारण नवशिका घाबरून लवकर वर येतो.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. मार्शां पाण्याखाली राहतो तो काही सेकंदच. फ्रीस्टाइल, बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोक या प्रकारांत सुरुवातीला व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर काढावेच लागते; नाहीतर स्पर्धक बाद होतो. शिवाय तिथे तळ दिसतो आणि काठावर जीवरक्षक असतात. आपल्या विहिरीत, शेततळ्यात, घोडनदीच्या डोहात किंवा दौंडजवळ भीमेच्या पात्रात यातले काय असते?

दुसरा धोका डोके खाली करून सूर मारण्याचा. नदीचे आणि बंधाऱ्यातले पाणी चढते-उतरते. काल जिथे खोल होते, तिथे आज खडक वर आलेला असतो. डोके आपटून मान मोडली, तर हातपाय जन्मभरासाठी लुळे पडू शकतात. अनोळखी पाण्यात आधी पाय टाकूनच हळूहळू उतरावे. मान दुखावल्याची शंका असेल, तर त्या माणसाची मान वाकवू वा वळवू नये.

कोणी बुडत असेल, तर भरात उडी टाकू नका. एकाचे दोन बळी जातात. दोर, बांबू, धोतर किंवा लुगडे फेका. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅनही तरंगता आधार देतो. शेततळ्याचा प्लास्टिक कागद निसरडा असतो, तिथे काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवावा.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी फुप्फुसांत शिरते. उताणे निजवून श्वास चालू आहे का पाहा. नसेल, तर नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्या; दर ३० दाबांनंतर दोन श्वास. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी त्याला रुग्णालयात न्यावेच; फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. त्या मामांनी भाच्याला दुसऱ्या दिवशी आणले, ते उशिराच आणले.

यावरून पोहणे वाईट असे कोणी समजू नये. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याआधीचे भारताचे जलतरणातले पदक १९८६ चे होते. पोहण्याने हृदय, फुप्फुसे, स्नायू सारे बळकट होतात आणि गुडघ्यांवर भार येत नाही. मुलांना, आणि मुलींनाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली जरूर शिकवा.

त्या मुलाला मी पोहायची बंदी केली नाही. तीन अटी घातल्या: एकट्याने उतरायचे नाही, बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, आणि दम कोंडण्याची पैज कधीही लावायची नाही. आपल्या घरातल्या पोहणाऱ्यालाही याच तीन अटी आज संध्याकाळी सांगा.